टूलबारवरचे आयकॉन एकसारखे का दिसतात, आणि ते वेगळे कसे करायचे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: गोदामातल्या मालाची नोंद ठेवणारं डेस्कटॉप सॉफ्टवेअर तुम्ही बनवलंय आणि त्याच्या टूलबारवर वीस-बावीस बटणं आहेत. सगळे आयकॉन ५१२ पिक्सेलच्या कॅनव्हासवर व्हेक्टरमध्ये (म्हणजे हव्या त्या मापात बदलता येणाऱ्या रेषांनी) काढले. तिथे ते छान दिसतात, पण १६ आणि २४ पिक्सेलला एक्स्पोर्ट केले की धूसर होतात. शिवाय वापरणारे म्हणतात की सगळी बटणं सारखीच दिसतात. आता रेषा जाड कराव्यात, रंग वाढवावेत, की सरळ तयार संच घ्यावा, असं तुम्ही विचारलंय.

धूसरपणा आणि सारखेपणा या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. धूसरपणा थोड्या शिस्तीने जातो. सारखेपणा घालवायचा तर आयकॉनकडे बघायची रीतच बदलावी लागते, म्हणून आधी त्याबद्दल लिहितो.

आयकॉन काढताना बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न असतो: हे चित्र बघून माणसाला अर्थ कळेल का? टूलबारसाठी हा प्रश्न दुय्यम आहे. तुमचं सॉफ्टवेअर कुणी एकदा उघडून सोडून देणार नाही. माणसं त्यावर दिवसभर, महिनोन् महिने काम करणार. मालपरतीचं बटण कोणतं, हे पहिल्या दिवशी त्यांना टूलटिप (बटणावर माउस नेला की दिसणारं नाव) सांगेल, मेनूतलं नाव सांगेल, शेजारी बसलेला सहकारी सांगेल. त्यानंतर आयकॉनकडे एवढंच काम उरतं, की नजर टाकताक्षणी तो सापडला पाहिजे. अर्थ समजावणं शब्दांवर सोडा. चित्राने फक्त शेजाऱ्यापासून वेगळं दिसायचं आहे.

सेव्हच्या बटणावर जुन्या फ्लॉपी डिस्कचं चित्र असतं, त्यावरून वाद होतच असतात. सोनीने २०११ मध्ये जपानमध्येसुद्धा फ्लॉपीची विक्री बंद केली. आज सॉफ्टवेअर वापरणाऱ्या कितीतरी जणांनी ती वस्तू हातात धरलेली नाही. तरी सेव्हचं बटण कुणाला सापडत नाही असं होत नाही. कारण तो एक भरीव चौकोन आहे, त्याचा एक कोपरा छाटलेला आहे, आणि टूलबारवर तसला दुसरा आकार नसतो. फ्लॉपीच्या जागी खाली जाणारा बाण किंवा ढग आणला की लगेच त्याची डाउनलोडशी गल्लत होते. माझं स्पष्ट मत आहे की फ्लॉपी राहू द्या.

आता तुमचा संच. आवक, जावक, परतावा, मोजणी, हस्तांतर या पाचही बटणांवर तुम्ही खोकं काढलंय आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात एक छोटी खूण ठेवलीय: आत येणारा बाण, बाहेर जाणारा बाण, वळलेला बाण, बरोबरची खूण, दोन बाण. एकेक आयकॉन सुटा बघितला तर तर्क बिनचूक आहे. पण १६ पिक्सेलच्या चौकटीत खोकं अकरा-बारा पिक्सेल खातं आणि खुणेला जेमतेम सहा-सात पिक्सेल उरतात. नजर आधी मोठा आकार पकडते, आणि मोठा आकार पाचही ठिकाणी खोकंच आहे. पाचांना वेगळं करणारी गोष्ट सर्वांत लहान जागेत कोंबली गेलीय.

सगळं सॉफ्टवेअरच मालाचं असेल, तर प्रत्येक बटणावर 'माल' दाखवून काय मिळतं? जे सगळीकडे समान आहे ते चित्रातून काढून टाका आणि जे वेगळं आहे त्याला पूर्ण जागा द्या. म्हणजे आवक म्हणजे खालच्या आडव्या ताटलीत उतरणारा एक जाड बाण. जावक म्हणजे उजवीकडची भिंत ओलांडून बाहेर निघणारा बाण. दिशा पूर्ण निराळी, नुसती उलटी नव्हे. परतावा म्हणजे यू आकाराचं वळण, ताटली नाही, भिंतही नाही. मोजणीला बाण नकोच, तिथे यादीच्या तीन आडव्या रेघा आणि एक मोठी बरोबरची खूण. हस्तांतर म्हणजे एकाखाली एक, विरुद्ध दिशांना जाणारे दोन बाण. खोकं फक्त एकाच ठिकाणी ठेवा: 'नवीन वस्तू' या बटणावर. तिथे ते खरंच वस्तूबद्दल बोलतं, आणि टूलबारवर एकटंच असल्यामुळे पटकन सापडतं.

हीच चूक कागदाच्या आकाराबाबत सगळीकडे दिसते. नवीन, उघडा, निर्यात, छापण्याआधी बघा, अहवाल, सगळ्यांत दुमडलेल्या कोपऱ्याचं पान आणि त्यावर चिमुकली खूण. पान एक-दोन आयकॉनांत चालतं. त्यापुढे त्याचा उपयोग संपतो.

म्हणून संच तपासताना आयकॉन एकेकटे बघू नका. सगळे आयकॉन काळ्या रंगाने पूर्ण भरा, आतल्या रेषा पुसून टाका आणि ओळीने मांडा. बाहेरची कड तेवढी उरते. त्यात ज्या जोड्या सारख्या वाटतील त्या बदलायच्या. आणि आकार बदलायचा, नक्षी नव्हे. एखाद्या जोडीत आकार बदलणं शक्यच नसेल, तर निदान ती बटणं शेजारी-शेजारी ठेवू नका.

आता धूसरपणाकडे. ५१२ चे १६ करता तेव्हा चित्र ३२ पट आकसतं. मूळ कॅनव्हासवर २० पिक्सेल जाडीची रेष १६ च्या आयकॉनमध्ये ०.६२५ पिक्सेल होते. पडद्याला अर्धामुर्धा पिक्सेल दाखवता येत नाही, म्हणून काळ्याऐवजी करडा रंग येतो. त्यातून ती रेष दोन पिक्सेलांच्या सीमेवर पडली, तर एका ठसठशीत रेषेऐवजी दोन फिकट करड्या रेषा मिळतात. अशा आठ-दहा रेषा एका चित्रात आल्या की तुम्ही म्हणता तसा गढूळपणा येतो. नुसती रेष जाड केल्याने हा प्रश्न सुटत नाही, कारण मूळ दोष ती कुठे पडते यात आहे.

उपाय एकच: उलट्या टोकाने सुरुवात करा. सर्वांत लहान आकार आधी काढा. कॅनव्हास १६×१६ चा घ्या, ग्रिड, म्हणजे आखणीची जाळी, एक पिक्सेलचं ठेवा, स्नॅपिंग (रेषा आपोआप जाळीवर बसवण्याची सोय) चालू करा. व्हेक्टरमध्ये स्ट्रोकची, म्हणजे काढलेल्या रेषेची, जाडी मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना पसरते, हे ध्यानात ठेवा. एक पिक्सेलची उभी रेष ७ या अंकावर ठेवली तर ती ६.५ ते ७.५ अशी पसरते आणि दोन पिक्सेल अर्धेअर्धे भरतात. तीच ७.५ वर ठेवली की ७ ते ८ हा एक पिक्सेल पूर्ण भरतो. दोन पिक्सेल जाडीच्या रेषेसाठी याच्या उलट, तिचा मध्य पूर्णांकावर हवा. तिरक्या रेषा शक्यतो ४५ अंशांत घ्या. त्यानंतर एकास दोन हा उतार बरा. बाकी कोनांच्या पायऱ्या असमान पडतात आणि कड खरबरीत दिसते.

सम-विषमाचा हिशेब इथे फार महत्त्वाचा आहे, म्हणून एक उदाहरण जवळून दाखवतो. तुमच्याकडे शोधा, मोठं करा आणि लहान करा असे भिंगाचे तीन आयकॉन आहेत. समजा तुम्ही भिंगाचं वर्तुळ बाहेरून १० पिक्सेल आणि रेष १ पिक्सेल घेतली. आतली मोकळी जागा उरते ८. त्यात अधिकचं चिन्ह बसवायचं. अधिकच्या मधोमध एक पिक्सेलची रेष असेल तर त्याची लांबी विषम असावी लागते, म्हणजे ३ किंवा ५. आठात पाच ठेवले की दोन्ही बाजूंना दीड-दीड पिक्सेल उरतो. मग एक तर कड धूसर होते, नाही तर अधिक एका बाजूला सरकलेलं दिसतं. दोन पिक्सेल जाडीचं अधिक घेतलं तर ते मधोमध बसतं, पण एवढ्याशा जागेत डाग पडल्यासारखं दिसतं. त्यापेक्षा वर्तुळच ११ चं करा. आत ९ मोकळे, त्यात ५ चं अधिक, दोन्ही बाजूंना बरोबर दोन-दोन. कॅनव्हासच्या डाव्या आणि वरच्या कडेला एकेक पिक्सेल मोकळा सोडला तर दांड्यासाठी खाली उजवीकडे चार पिक्सेल उरतात, तेवढे ४५ अंशांच्या जाडसर दांड्याला पुरतात. हे एकदा ठरलं की तिन्ही भिंगं त्याच मापाची ठेवायची आणि आतला भाग तेवढा बदलायचा.

मापांबद्दल आणखी एक गोष्ट. सगळे आकार सारख्याच उंचीचे केले तर ते सारखे दिसत नाहीत. चौकोन त्याच उंचीच्या वर्तुळापेक्षा मोठा आणि जड वाटतो. म्हणून गूगलच्या मटेरियल या डिझाइन-पद्धतीत २४ च्या ग्रिडवर चौकोनाला १८ आणि वर्तुळाला २० माप दिलेलं आहे. १६ च्या ग्रिडवर मी साधारण चौकोन १२ आणि वर्तुळ १४ धरतो. नियम म्हणून नव्हे, सुरुवात म्हणून. शेवटचा निर्णय ओळीत मांडून डोळ्यांनीच करावा लागतो.

इतक्या थोड्या जागेत काम होतं का, अशी शंका येत असेल तर १९८४ च्या मॅकिंटॉशचे आयकॉन बघा. सुझन केअर यांनी ते ३२×३२ च्या चौकटीत काढले, तेही फक्त काळ्या आणि पांढऱ्यात, आणि सुरुवातीची रेखाटनं चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन भरून केली. करडी छटा उपलब्धच नव्हती, त्यामुळे प्रत्येक पिक्सेल हवा की नको हे ठरवावंच लागायचं. ती सवय आजही लावून घ्यावी. १६ च्या आयकॉनमधला कोणताही पिक्सेल दाखवून 'हा इथे का?' असं विचारलं तर उत्तर देता आलं पाहिजे.

आकार किती द्यायचे? विंडोजवर आज १०० टक्के स्केलिंग (पडद्यावरचं सगळं किती पट मोठं दाखवायचं ते प्रमाण) गृहीत धरून चालत नाही. १२५, १५० आणि २०० टक्के सर्रास असतात, आणि लॅपटॉपवर तर विशेष. त्यामुळे १६ च्या आयकॉनला अनुक्रमे २०, २४ आणि ३२ पिक्सेलची जागा मिळते. तुम्ही फक्त १६ चा दिलात तर १२५ टक्क्यांवर प्रत्येक पिक्सेल सव्वापट ताणला जातो आणि वर केलेली सगळी मेहनत वाया जाते. म्हणून १६, २०, २४ आणि ३२ हे चारही आकार द्या. ३२ सोपा आहे, कारण तो १६ च्या बरोबर दुप्पट आहे. रेषा नेमक्या बसतात आणि वाटल्यास थोडा तपशील वाढवता येतो. २४ मात्र १६ ला दीडपट करून मिळत नाही, तो वेगळाच काढावा. रेष एक पिक्सेलची ठेवायची की दोनची, हे तिथे नव्याने ठरवा आणि पूर्ण संचात तेच पाळा. २० चा आकार सगळ्यांत त्रासाचा आहे. वेळ कमी असेल तर १६ चाच आयकॉन २० च्या कॅनव्हासवर मधोमध ठेवा. दोन्ही बाजूंना दोन-दोन पिक्सेल मोकळे राहतील, आयकॉन किंचित लहान दिसेल, पण स्वच्छ दिसेल. ताणलेल्यापेक्षा हे केव्हाही चांगलं. मॅकवर काम सोपं आहे. २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोपासून तिथे एकपट आणि दुप्पट असेच दोन संच लागतात.

एसव्हीजी, म्हणजे व्हेक्टर चित्राची फाइल, दिली की सगळे आकार आपोआप सुटतील, असं बरेच प्रोग्रॅमर समजतात. एसव्हीजी जरूर वापरा, पण १६ च्या ग्रिडवर काढलेली एसव्हीजी फक्त १६, ३२, ४८ अशा पटीतल्या आकारांनाच नीट बसते. मधल्या आकारांना तोच गढूळपणा परत येतो.

रंगाबद्दल मी मोकळेपणाने सांगतो: मला टूलबारवर रंग हवा असतो. मायक्रोसॉफ्टने २०१२ च्या व्हिज्युअल स्टुडिओ या प्रोग्रॅमरांच्या सॉफ्टवेअरच्या बीटा (चाचणी) आवृत्तीत जवळजवळ सगळे आयकॉन करडे केले होते. वापरणाऱ्यांनी जोरदार तक्रारी केल्या, आणि अंतिम आवृत्तीआधीच काही आयकॉनमध्ये रंग परत आणावा लागला. २०१८ मध्ये गिंप या चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरच्या २.१० आवृत्तीने एकरंगी आयकॉन मूळ निवड म्हणून दिले, तेव्हाही रंगीत संचाचा पर्याय सेटिंगमध्ये राहू दिला होता. दिवसभर टूलबारवर काम करणाऱ्याला 'तो निळा गोल' किंवा 'ती नारिंगी पट्टी' म्हणून बटण आठवतं. ही आठवण त्याच्याकडून हिरावून घेऊ नये.

पण रंग आकाराच्या मदतीला हवा, आकाराच्या जागी नको. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के जणांना लाल आणि हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. इतरत्र हे प्रमाण कमी असलं तरी नगण्य नाही. तेव्हा एकच बाण हिरवा केला की आवक आणि लाल केला की जावक, असं चालणार नाही. आधी करड्या छटेत संच वेगवेगळा दिसला पाहिजे, मग रंग भरा. आणि रंग मोजकेच घ्या. पूर्ण संचात चार-पाच पुरे. पुसून टाकण्याच्या कामाला लाल राखून ठेवलात तर तो दुसरीकडे कुठेही सजावटीसाठी वापरू नका.

पार्श्वभूमीशी फरक किती हवा, याला एक उपयोगी माप आहे. २०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ या सुगम्यतेच्या नियमावलीत, अर्थ कळण्यासाठी आवश्यक असलेल्या चित्रभागांना लगतच्या रंगाशी किमान ३:१ कॉन्ट्रास्ट सांगितलाय. नियमावली वेबसाठी लिहिलेली असली तरी डेस्कटॉपला ती तंतोतंत लागू पडते. बंद असलेल्या बटणांना त्यातून सूट आहे. फिकट पिवळा आणि फिकट निळा इथे हमखास नापास होतात; त्यांना गडद कड द्यावी लागते.

डार्क थीमचं (गडद पार्श्वभूमीच्या रूपाचं) आजच ठरवा, नंतर जोडायला गेलात तर दुप्पट काम होतं. गडद कड असलेले आयकॉन काळ्या पट्टीवर बुडतात. तुमच्या काही फाइल्समध्ये मला कडेभोवती पांढरट झालर दिसली. पांढऱ्या पार्श्वभूमीवर चपटं केलेलं चित्र नंतर कापून काढलं की असं होतं. एक्स्पोर्ट नेहमी पारदर्शक पार्श्वभूमीवरूनच करा. मॅकओएसच्या टेम्प्लेट प्रतिमा आणि नोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपचे सिंबॉलिक आयकॉन याच कारणाने फक्त आकार पुरवतात आणि रंग थीमवर सोडतात. ती पद्धत घेतलीत तर डार्क थीमची काळजी मिटते, पण रंगाचा आधारही जातो. तुमच्या सॉफ्टवेअरसाठी मी दोन संच ठेवेन: उजेडाचा आणि अंधाराचा, आकार तेच आणि रंग वेगळे. बंद बटणाचं फिकट रूप वेगळं काढू नका. क्यूटीसारखी बरीचशी टूलकिट (बटणं-मेनू बनवायची तयार साधनं) ते स्वतः बनवतात आणि सगळीकडे एकसारखं बनवतात.

शब्दांची लाज वाटून घेऊ नका. आवक, जावक आणि बिल ही तुमची रोजची तीन-चार कामं असतील तर त्यांची बटणं मोठी करा आणि खाली नाव लिहा. ऑफिस २००७ च्या रिबनमध्ये, म्हणजे वरच्या रुंद टूलबारमध्ये, हेच केलं होतं: महत्त्वाच्या कामांना मोठा आयकॉन आणि नाव, किरकोळ कामांना छोटा. वीस मुक्या आयकॉनांपेक्षा चार बोलके आणि बारा मुके हे केव्हाही जास्त वापरण्याजोगं आहे. उरलेल्या चार-पाच बटणांना टूलबारवर जागा हवीच का, हेही एकदा तपासा. महिन्यातून एकदा लागणारं काम मेनूत सुखाने राहतं.

संच तयार झाला की चाचणी घ्या, पण 'हा आयकॉन कशाचा आहे?' असं विचारू नका. त्याने अंदाज बांधण्याचं कौशल्य तेवढं मोजलं जातं. तीन-चार जणांना आठवडाभर सॉफ्टवेअर वापरू द्या आणि मग शेजारी बसून म्हणा, 'परतावा नोंदवा.' माउस सरळ त्या बटणावर जातो, की वाटेत दुसऱ्या बटणावर थबकतो, ते बघा. तो जिथे थबकतो तिथे दोन आयकॉनांत गल्लत आहे. तीच जोडी दुरुस्त करा, बाकीच्यांना हात लावू नका. आणि एकदा सॉफ्टवेअर लोकांच्या हाती गेलं की बटणांची जागा बदलायचा मोह टाळा. ओळखीचा आयकॉन नव्या जागी गेला की तोही सापडत नाही.

राहिला तयार संचाचा प्रश्न. माझं उत्तर आहे: अर्धा घ्या, अर्धा काढा. सेव्ह, छापा, कापा, चिकटवा, अनडू, शोधा हे आयकॉन नव्याने काढण्यात काही मिळत नाही. लोक ते इतर सॉफ्टवेअरमध्ये शिकून आलेले असतात. टँगो प्रकल्पाचा आयकॉन संच सार्वजनिक मालकीचा आहे, गूगलचे मटेरियल आयकॉन अपाचे २.० या खुल्या परवान्याखाली मिळतात. केडीई या लिनक्सवरच्या डेस्कटॉपचा ब्रीझ संचही खुला आहे. मात्र कोणताही संच घेण्याआधी त्याचा परवाना तुमच्या सॉफ्टवेअरला चालतो का, ते वाचून घ्या. एकच संच निवडा. दोन संचांची सरमिसळ लगेच डोळ्यात खुपते, कारण रेषांची जाडी आणि कोपऱ्यांची गोलाई जुळत नाही. तुमचे खास आठ-दहा आयकॉन, म्हणजे आवकपासून हस्तांतरापर्यंतचे, निवडलेल्या संचाचंच ग्रिड, तीच जाडी आणि तेच रंग घेऊन स्वतः काढा. फाइलींना चित्रावरून नाव देऊ नका, कामावरून द्या. फ्रीडेस्कटॉप या लिनक्स डेस्कटॉपांसाठी समान नियम ठरवणाऱ्या प्रकल्पाच्या नामावलीत सेव्हच्या आयकॉनचं नाव 'डॉक्युमेंट-सेव्ह' आहे, 'फ्लॉपी' नव्हे. तसंच तुमच्या फाइलीचं नाव 'स्टॉक-रिटर्न' असू द्या. पुढे यू वळणाच्या जागी दुसरं चित्र आलं तरी कोडमधली एकही ओळ बदलावी लागणार नाही.

सुरुवात आवक आणि जावक या दोन आयकॉनांपासून करा, १६ च्या कॅनव्हासवर. ते दोन जमले की त्यांच्या मापावर बाकीचे बसवता येतील. काढून झाल्यावर टूलबारचा पूर्ण स्क्रीनशॉट पाठवा, मोठा न करता, आहे त्या आकारात.